निळ्याचं टक्

शाळेतल्या कॉम्प्युटरला मागे ढेरी असायची, तेव्हाची ही गोष्ट. त्यात महाराष्ट्राच्या नकाशाचं तुकडे जोडायचं कोडं होतं. तुकडा बरोबर बसला की 'टक्' वाजायचं. सगळे तुकडे रोज वाजायचे, एक सोडून. तो समुद्राचा, नुसता निळा. त्याच्यावर ना गाव, ना नदी. पोरं त्याला शेवटी ठेवायची आणि तोवर तास संपायचा.

"काय रे निळ्या, आज तरी वाजलास का?" नागपूरचा तुकडा चिडवायचा.

एकदा निळ्या मुद्दाम नागपूरवाल्याच्या अंगावर जाऊन पसरला. पोरांनी त्याला उचललं, विदर्भभर घुसवून पाहिलं आणि वैतागून कोपऱ्यात टाकलं. बाकीचे तुकडे खो खो हसले.

मग जुईली आली. शाळेत नवी, बाकावर एकटीच. तिचे बाबा बोटीवर कामाला. ती बराच वेळ नुसती बघत बसली आणि तिने पहिल्यांदा निळ्यालाच उचललं.

"तू बस आधी. मग बाकीच्यांना किनारा कळेल."

टक्!

तेवढ्यात घंटा झाली. निळ्या जागेवर बसला होता, पण शेजारी कुणीच नव्हतं. खालच्या ढिगातून नागपूरवाल्याने हळूच विचारलं, "ए निळ्या, तिकडे कसं वाटतंय रे?"

"गार," निळ्या म्हणाला. "लवकर या."