रुणकीचा उंबरठा

फार पूर्वी, झाडांना माणसांनी नंबर दिले नव्हते तेव्हाची गोष्ट. एका म्हाताऱ्या जांभळीवर नऊ बिऱ्हाडं राहायची. दर पौर्णिमेला प्रत्येक घरानं ओंजळभर चिखल द्यायचा आणि सुतारपक्ष्यानं त्या चिखलानं शेंड्याची भेग लिंपायची, असा तिथला रिवाज होता.

रुणकी खार अगदी तळच्या ढोलीत राहायची. तिला तीन पिल्लं होती आणि काळज्या तीसएक.

"काका, चुकत असेन तर सांगा," ती सुतारपक्ष्याला म्हणाली, "पण भेग शेंड्याला आणि आम्ही तळाला. आमचा काय संबंध?"

"खोड आतून पोकळ आहे, रुणके. बघ बाई."

रुणकीनं घरी जाऊन पिल्लांकडेच बघितलं. धाकटं सारखं दारातून घरंगळायचं. मग तिनं आपल्या वाट्याचा चिखल दारात थापून छान उंच उंबरठा केला. आई म्हणून आपल्याला एक तरी गोष्ट नीट जमली, असं तिला वाटलं.

चार दिवसांनी पाऊस आला. पाणी दारातून आलंच नाही, ते आतून, वरून उतरलं आणि उंबरठ्याशी अडून साचलं. पिल्लं पोटापर्यंत बुडाली. रुणकीनं स्वतःच्या हातांनी उंबरठा फोडला, तेव्हा कुठे ढोली रिकामी झाली.

पाऊस थांबल्यावर ती फुटका चिखल घेऊन शेंड्यावर गेली. सगळी भेग लिंपलेली होती, फक्त ओंजळभर जागा उघडी होती.

"उंबरठ्याचा चिखल चालतो का हो, काका?"

"चालतो की," सुतारपक्षी बाजूला सरकत म्हणाला. "ठेव इथं. आणि आधी पिल्लं कोरडी कर."