बाळराजांची करपलेली भाजी

राजवाड्याच्या मुदपाकखान्यात भिकंभटांचा शब्द शेवटचा. पण त्यांनी साजूक तुपात केलेली दोडक्याची भाजी बाळराजे ताटात बाजूला सारत, आणि दाई सगुणाबाईकडून शिकून परसात स्वतः लावलेल्या दोडक्याची, स्वतःच रांधलेली करपलेली भाजी वाटी पुसून खात. ते बघून भिकंभटांचा जळफळाट होई. रात्र रात्र डोळा लागेना.

शेवटी त्यांनी महाराजांचे कान भरले. "सगुणा त्या भाजीत काहीतरी घालते, महाराज. नाहीतर असलं कोण खाईल?"

महाराजांनी भर दरबारात बाळराजांची भाजी मागवली आणि सगुणाबाईला जाब विचारला. ती म्हणाली, "आधी भटजींनी चाखावी, आणि कशी झालीय ते खरं सांगावं."

भिकंभटांना तेच हवं होतं. "मीठ जास्त, फोडी ओबडधोबड, आणि बुडाला लागलीय," ते म्हणाले.

तोच बाळराजांनी त्यांच्या हातातली वाटी ओढली. "माझ्या भाजीला नावं ठेवायची नाहीत," म्हणत त्यांनी ती तिथंच फस्त केली.

महाराज वळले. "सगुणे, काय घालतेस यात?"

"भटजींची झोप ज्यानं उडालीय तेच, महाराज. माझ्या हातचं आहे, हा अभिमान. आपलं ताट परत आलेलं त्यांना सोसत नाही, मग आपल्या भाजीला नावं ठेवलेली बाळराजांना कशी सोसतील?"

दरबार हसला. भिकंभट मान खाली घालून निघाले.

चार दिवसांनी परसात दोडक्याचं एक नवं आळं दिसलं. त्याला पाणी घालायला भिकंभट कोणालाच जवळ येऊ देत नसत, बाळराजांनासुद्धा.