बाविसावा लाडू

अवयव एकमेकांशी मोकळेपणानं भांडत, त्या काळची गोष्ट. लग्नाच्या पंगतीत रंगनाथपंत बुंदीचे लाडू खायची पैज लावून बसले होते. दात घासाला जेमतेम टेकत आणि तो खाली सोडून देत.

पोट वैतागलं. "अहो, दात तुम्ही आहात, मी नाही! जरा चावून पाठवा की!"

"चावत कोण बसतंय? वाढपी पुन्हा आलाय," दात म्हणाले. "तू घुसळ. तुझं कामच आहे ते."

पोट आंबट रस सोडून घुसळत राहिलं. थोडं खाली लोटायला गेलं, तर लहान आतडं कडाडलं, "हे गोळे माझ्या दारात नकोत! पेजेसारखं पातळ करून आण. मला ते अंगी लावायचंय, खडी पसरायची नाही!"

वर दात ऐकेनात, खाली आतडं घेईना. तेवढ्यात बाविसावा लाडू येऊन आदळला. पोटानं सगळं होतं तसं वर फेकलं.

"शी! केवढं आंबट!" दात कळवळले. "हे काय पाठवलंस?"

"तुमचंच आहे," पोट म्हणालं. "या वेळी चावून पाठवा."