चार डॉक्टरांचं तळं

तळ्यावर कोवळं ऊन तरंगत होतं. वृद्धाश्रमाच्या खिडकीतून पाहता पाहता द्वारकाकाकू मनाने कधीच काठावर पोचल्या होत्या. पाय मात्र फाटकापाशी अडले. संचालक रणदिवे आडवे उभे होते.

"काकू, साखर, रक्तदाब, संधिवात, निद्रानाश! एक का आजार आहे? डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाहेर पाऊल नाही."

काकूंनी पिशवीतून चार चिठ्ठ्या काढल्या.

"विचारलंय, साहेब. साखरेचे डॉक्टर म्हणतात, चाला. सांध्यांचे म्हणतात, उन्हात बसा. रक्तदाबाचे म्हणतात, मन शांत ठेवा. झोपेचे म्हणतात, सकाळचा उजेड घ्या. चौघांचं एकदम ऐकता येईल अशी जागा आत दाखवा, मी तिथेच बसते."

रणदिव्यांनी चिठ्ठ्या वाचल्या, मागची अंधारी खोली पाहिली आणि फाटकाची कडी काढली.

"स्वेटर तरी घाला!"

काकू केव्हाच बगळ्यांपाशी पोचल्या होत्या.