वाळूवर सोडलेली वाट

समुद्राचं पाणी अजून खारट व्हायचं होतं, त्या काळची गोष्ट. किनाऱ्यावर एक शाळा भरायची. परीक्षेत उत्तरं ओल्या वाळूवर लिहायची आणि भरतीआधी म्हाताऱ्या कासवगुरुजींनी ती फिरून तपासायची, अशी तिथली रीत.

कुर्ली खेकडीला सगळे धडे तोंडपाठ, तरी गेल्या परीक्षेत ती नापास झाली. उत्तराला उत्तर खेटून लिहायची आणि तिरकी चालत आपल्याच अक्षरांवरून जायची. "गुरुजींना माझं चांगलं बघवत नाही," म्हणत ती किनाराभर फणफणली.

या खेपेला शेजारच्या टिटवीला राहवलं नाही. "अगं बाई, गुरुजींचं पोट वाळूला घासतं. तू चालायला वाटच ठेवत नाहीस. मग वाचता वाचता त्यांच्याच पोटाखाली तुझी उत्तरं पुसली जातात."

"एवढी वाळू फुकट घालवू?" कुर्ली कुरकुरली. पण पुन्हा नापास व्हायचं नव्हतं. तिने एकेक उत्तर ठळक आणि सुटं लिहिलं, खाली रेघ ओढली आणि ती कडेकडेने बाहेर पडली.

गुरुजी मोकळ्या वाटेने सरकत शेवटच्या उत्तरापर्यंत पोचले. त्यांचे डोळे पाणावले. "पोरी, एवढं सगळं येत होतं तुला? बरं झालं, म्हाताऱ्याला वाट ठेवलीस."

संध्याकाळी टिटवीने दारात शिंपल्यांची रांगोळी मांडली होती. आभार मानायला आलेली कुर्ली पहिल्यांदाच रांगोळी न तुडवता, तिला वळसा घालून आत गेली.