भागरतेचा बिनगाठी शेला

वैनगंगेला कुठं पूल नव्हता आणि ऐनाच्या रानात माणूस भर दुपारी वाट चुकायचा, त्या काळातली ही गोष्ट. बसा नीट. मध्येच काही विचारू नका. विचारलंत तरी मी माझ्याच चालीनं सांगणार.

त्या रानाच्या कडेला ऐनखेडा नावाचं गाव होतं, आणि गावात भागरता नावाची एक कोष्टीण राहायची. कोशाचं, म्हणजे रानातल्या रेशमाचं, सूत काढावं तर भागरतेनंच, असं अख्खा मुलूख म्हणायचा, आणि मुलखाच्या आधी ती स्वतःच म्हणायची! नम्र बिम्र ती मुळीच नव्हती. "माह्यासारखा धागा कोणी काढून दाखवा, जन्मभर त्याच्या घरी पाणी भरीन," असं ती विहिरीवर उभी राहून सांगायची. कुणी दाखवलाच नाही, मग काय करणार? तिचा नवरा लवकर गेला होता. दीर डोमाजी हातमागावर बसायचा. भागरता सूत काढायची, डोमाजी विणायचा, आणि दोघं दिवसभर भांडायची.

आता रेशीम होतं कसं, ते ऐका. रानात ऐनाच्या झाडांवर ढिवर लोक अळ्या वाढवायचे. पाखरांनी टिपू नयेत म्हणून गोफण घेऊन झाडाखाली बसून राहायचे. अळी पानं खाऊन टम्म झाली की स्वतःभोवती कोष करते. लहानशा अंड्याएवढा, मातकट पिवळा, फांदीला देठानं लोंबणारा. ते कोष राखेच्या पाण्यात उकळायचे, म्हणजे धागा सुटतो. मग बाया उघड्या मांडीवर चार-सहा कोषांचे धागे एकत्र पिळून सूत काढायच्या. उकळल्यावर आतला जीव जातो, हे खरंच आहे. म्हणून तर गावात एक रीत होती. सगळ्यांत चांगले कोष उकळायचे नाहीत. ते देठांनी ओवून त्यांची माळ करायची आणि आढ्याला टांगायची. त्यांतून पतंग बाहेर येणार, अंडी घालणार, अंड्यांतून पुन्हा अळ्या होणार. ही बियाची माळ. ती सांभाळायचा मान भागरतेच्या घरचा.

आणि रान कुणाचं? तर गढीवरच्या राजाचं. पण जुना करार होता. दर दसऱ्याला ऐनखेड्यानं राजाला एक रेशमी शेला द्यायचा, आणि राजानं ऐनाच्या रानात कुऱ्हाड घालू द्यायची नाही. शेला अंगावर घेऊन राजा सीमोल्लंघनाला निघायचा. पिढ्यानपिढ्या असंच चाललं होतं.

मग एका वर्षी घात झाला. आधी गारा पडल्या. उरल्यासुरल्या अळ्यांवर लाल मुंग्या चढल्या. असल्या मुंग्या की झाडाचं खोड हलतंय असं वाटावं, असं म्हणतात. ढिवरांनी राख फासली, धूर केला, हातांनी मुंग्या वेचल्या. काही उपयोग झाला नाही. पीक सगळं गेलं. अख्ख्या गावात कोष उरले ते भागरतेच्या आढ्याला टांगलेल्या माळेतले.

भादव्यात गढीवरून कारभारी आला. हा कारभारी नवा होता, आणि त्याचा डोळा रानावर होता. ऐनाचं लाकूड इमारतीला उत्तम, दुसरं काय! तो भागरतेच्या दारात उभा राहिला आणि वर बघून म्हणाला, "कोष तर आहेत की. उकळा. दसऱ्याला शेला पाहिजे. शेला नाही, तर रान नाही."

सगळं गाव अंगणात गोळा झालं. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. शेला दिला नाही तर रान तुटणार, आणि ऐन नाही तर अळी खाणार काय? शेल्यासाठी माळ उकळली तर बीच संपणार. मग रान राहून तरी करायचं काय? इकडून गेलं तरी मरण, तिकडून गेलं तरी मरण.

"देऊन टाका वहिनी," डोमाजी हळूच म्हणाला. "राजाशी काऊन पंगा घेता?"

"तुम्ही गप बसा भाऊजी," भागरता म्हणाली. मग कारभाऱ्याकडं वळली. "शेला भेटंल. पण माळेले हात लावाचा नाही."

"मग शेला कशाचा करणार? वाऱ्याचा?"

"कशाचाबी करीन. तुमाले शेल्याशी काम, का चुलीशी?"

कारभारी हसला. त्याला वाटलं, बाई आपल्याच तोंडानं फसली. आता रान आपलं झालंच. तो घोड्यावर बसून निघून गेला.

खरं सांगू? बोलली तेव्हा भागरतेलाही ठाऊक नव्हतं ती काय करणार ते. घरात आली ती थेट माळेखाली जाऊन बसली. आणि तिथून उठलीच नाही. घूस येईल, मुंगी येईल, कारभाऱ्याचा माणूस येईल. तिथंच जेवायची, तिथंच डुलकी काढायची. डोमाजी भाकरी आणून द्यायचा आणि पुटपुटत जायचा.

आणि एका संध्याकाळी माळ हलली. कोषाच्या टोकाला ओलसर भोक पडलं, त्यातून पतंग बाहेर आला, पंख पसरून सुकवत बसला. तळहाताएवढे पंख, आणि प्रत्येक पंखावर काचेसारखा एक डोळा. एकामागून एक सगळे आले. अंडी घातली आणि पतंग रानात उडून गेले. ढिवरांनी ती अंडी पळसाच्या द्रोणांत घालून रानात नेली. बी वाचलं! गावातल्या बाया रडल्या, असं सांगतात.

मागं राहिली ती रिकाम्या टरफलांची माळ. फुटका कोष म्हणजे केर. पतंग बाहेर पडताना भोक पाडतो, तिथं धागे तुटलेले असतात. सलग धागा निघतच नाही, म्हणून तो कुणी हातात धरत नसे. भागरता त्या टरफलांकडं बघत राहिली आणि एकदम ओरडली, "भाऊजी, माग झाडून ठेवा!"

इथंच तिनं चूक केली. हो, भागरतेनंही चूक केली, आणि ऐनखेड्यात ती झाकत नाहीत. भरल्या कोषाला जेवढी उकळी देतात, तेवढीच तिनं फुटक्यांना दिली. जन्मभराची सवय! पण रिकाम्या कोषात राखेचं पाणी भोकातून सरळ आत शिरतं. झाकण काढलं तर अर्ध्या कोषांची पेज झालेली. धाग्याचं नावही नाही. भागरतेनं कपाळावर हात मारला. मडक्यापाशी बसून ती ढसाढसा रडली. "मी मोठ्या तोंडाची! माह्या तोंडानं गावाचं रान गेलं!"

डोमाजी भांडायला म्हणून आला होता, पण तिला रडताना बघून त्याचा जीव कालवला. तो म्हणाला, "वहिनी, राहिलेल्या अर्ध्यांत जेवढं होईल तेवढं सूत द्या. मी विणतो."

"अर्ध्यात अर्धाच शेला होईल."

"मग धागा अर्धा बारीक काढा. तुमच्यासारखा कोणी काढत नाही म्हणता ना? काढा मग!"

असं कुणी डिवचलं की भागरता ऐकायची थोडीच! डोळे पुसले. उरलेली टरफलं नुसत्या कोमट राखेच्या पाण्यात भिजवली, बोटानं दाबून बघत बघत काढली. मग मांडी उघडी टाकून बसली. चार-सहा धाग्यांचं सूत नाही, एका पदराचं. वीतभर आलं की तुटायचं. तुटलं की दोन्ही टोकं जिभेला लावून ओली करायची, एकावर एक ठेवून मांडीवर पिळायची. गाठ नाही, खळ नाही, डिंक नाही. पुन्हा वीतभर, पुन्हा सांधा. मांडीची कातडी सोलून निघाली. दुसरी मांडी घेतली. तीही सोलली. हळद लावून ती पुन्हा बसायची. धागा इतका बारीक झाला की दिसायचाच नाही, म्हणतात. डोमाजी डोळे मिटून विणायचा, कारण उघड्या डोळ्यांना तो सापडत नसे.

दसऱ्याच्या दरबारात भागरता लंगडत आली. शेला हातात नव्हता. मुठीत होता! अख्खा शेला एका मुठीत. तिनं मूठ उघडली आणि शेला फुलून खाली आला. "फुटक्या कोषांचा शेला, सरकार. बी नाही उकळलं," ती म्हणाली. रंग लावलेला नव्हता. मधाचा असतो तसा कोशाचा आपला रंग.

शेल्याची पारख राजाची आई करायची; तिला सगळे थोरल्या राणीसाहेब म्हणत. बोटं राठ होतात, बोटाला गाठ कळत नाही, म्हणून ती शेला गालावरून ओढायची. कुठं अडकला की परत. राणीसाहेबांनी एका टोकापासून शेला गालावरून ओढायला सुरुवात केली. शेला सरकला, सरकला आणि संपला. कुठंही अडकला नाही.

"एकसुद्धा गाठ नाही," राणीसाहेब म्हणाल्या.

कारभारी उसळला. "सरकार, ही खोटं बोलते! हा अख्ख्या कोषाचा धागा आहे. हिनं बी उकळलं. पुढच्या वर्षी ऐनखेड्यात अळी दिसणार नाही. मग ते रान ठेवून काय करायचं? तोडू द्या!"

भागरतेला राग आला. पण ती इतकंच म्हणाली, "सरकार, शेला घ्या आणि सीमेवर चला. माहं बी जिवंत असंल तर ते सोताच सांगंल."

राजानं शेला खांद्यावर टाकला. मिरवणूक सीमेवर पोचली तेव्हा सूर्य टेकला होता. समोर ऐनाचं रान. आणि म्हणतात, रानातून पतंग उठले. एक नाही, दोन नाही, नुसता लोंढा. ज्या कोषातून ते जन्मले, त्याच कोषाचा तो शेला. ते सगळे येऊन राजाच्या खांद्यावर, छातीवर, पाठीवर बसले आणि त्यांनी पंख उघडले. हजारो काचेचे डोळे राजाच्या अंगावरून कारभाऱ्याकडं बघत राहिले! कारभारी जो पळाला, तो पुन्हा त्या मुलखात दिसला नाही.

राजा हलायलाही धजेना. पतंगांना धक्का लागू नये म्हणून तो तसाच उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, माग काय मागायचं ते."

गाव मागावं, शेत मागावं, असं डोमाजी मागून खुणावत होता. भागरता म्हणाली, "माळ कोणाचीच नाही. तुमचीबी नाही, माहीबी नाही. पतंग उडेपर्यंत तिले कोणी मागाचं नाही. बस."

राजानं मान डोलवली.

भागरतेनं पुन्हा सूत काढलं नाही. तिच्या मांड्यांवर नवी कातडी आली ती इतकी गुळगुळीत, की धागा त्यावर ठरेचना. मग ती पोरीबाळींना शिकवत बसायची आणि त्यांच्या धाग्यांना नावं ठेवायची. तोंड शेवटपर्यंत तसंच होतं.

राजे गेले, गढी पडली. ऐनखेड्यात मात्र आजही ज्या घरी बियाची माळ टांगलेली असते, त्या घरात राखेच्या पाण्याची चूल पेटत नाही. भागरतेच्या नावानं फुटक्या कोषांचा एक शेला दरवर्षी विणतात. तो विकत नाहीत. त्या वर्षी गावात जन्मलेलं पहिलं मूल त्यात गुंडाळतात.

आणि जीपमधून साहेब येवोत, व्यापारी येवोत, मोठी ऑर्डर घेऊन कुणी येवो, आढ्याकडं बोट दाखवून म्हणाले की ते कोष द्या, हवा तो भाव घ्या, तर घरची बाई पदर खोचून उंबऱ्यात येते, ठसक्यात म्हणते, "थांबा, भागरतेले इचारून सांगतो," आणि दार लावून घेते.

अजून एकालाही उत्तर मिळालेलं नाही.