अंसा कुंभारणीचा रांजण

आपल्या बोरघळीला रस्ता नव्हता आणि ओढ्यावर पूलही नव्हता, त्या काळी गावात अंसा नावाची एक कुंभारीण राहत होती, असं म्हणतात. तिच्या मडक्यातलं पाणी भर उन्हाळ्यात दातांना झोंबायचं. पण गाव तिला आठवतं ते मडक्यांमुळे नव्हे.

एका हिवाळ्यात कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली. सकाळी दाणे टिपणारी कोंबडी दुपारी मान टाकायची. आठवडाभरात घरोघरची खुराडी रिकामी झाली. आसपासच्या वाड्यांवरही तीच गत. मग एके पहाटे गावात कोंबडा आरवलाच नाही, आणि सूर्य बराच वेळ डोंगराआड वाट बघत थांबला, असं म्हणतात.

अंसाच्या शेजारी दुरपदा राहायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. कोंबड्यांवरच तिचं पोट चालायचं. तिची शेवटची कोंबडी अंडी उबवता उबवता मेली. दुरपदानं ती अंडी गोधडीत गुंडाळली, पोटाशी धरली आणि अंसाच्या दारात आली.

"अंसे, अजून गरम हैत गं. आत जीव धरलाय. पर यांच्यावर बसायला एक कोंबडी ऱ्हायली न्हाई."

"मग?"

"ही बी गेली, तर मी भावाकडं जाते. हितं कुणासाठी ऱ्हाऊ?"

अंसा सासरी आली तेव्हा तिला हाताला धरून ओढ्याची वाट दाखवली होती ती दुरपदानंच. अंसा म्हणाली, "रोज भट्टी लावते मी. एवढीशी ऊब करता येणार न्हाई व्हय? तू तवर पोटाशी धरून बस."

तिनं अंगणात खड्डा केला, निखारे पसरले, वर राख टाकली आणि आधी घरातली शिळी अंडी ठेवून पाहिली. निखाऱ्याकडची अंडी शिजली, पलीकडची गारच राहिली. तो वास आला तशी दुरपदा रडायलाच लागली. "माझी बी शिजवणार व्हय तू?"

"न्हाई. म्हणून तर शिळी ठेवली हुती."

विस्तव हट्टी असतो, जवळच्याला जाळतो आणि लांबच्याकडे बघत नाही, हे अंसाच्या ध्यानात आलं. मग तिनं विस्तव लांब ठेवला आणि पाण्याला कामाला लावलं. आपला सगळ्यात मोठा रांजण तिनं भाताच्या तुसानं भरला. मधोमध अंड्यांची टोपली ठेवली आणि तिच्या भोवतीनं, तुसात पुरून, कढत पाण्याची तोंड बांधलेली गाडगी बसवली. एक गाडगं निवलं की तेवढंच बदलायचं, सगळी एकदम कधीच नाही. ती अंडं उचलायची आणि मिटलेल्या पापणीला लावायची. पापणीला चटका बसला तर झाकणाचं फडकं थोडं सरकवायचं, गार लागलं तर पाणी बदलायचं. अंडी हलक्या हातानं उलटायची, तूस सुकलं तर शिंतोडे मारायचे. दुरपदा चूल सांभाळायची, अंसा रांजण.

आणि मग गारांचं वादळ आलं. अंसाचं छप्पर उडालं, सरपण भिजलं, चूल विझली. दुरपदा घरोघर ओरडत गेली, "पाणी तापवा! पाणी द्या!" तोवर लांबून बघणारं गाव धावलं. ज्याच्या चुलीत जाळ होता त्यानं गाडगं भरलं. माणसं रांगेनं उभी राहिली आणि गाडगी हातोहात अंसापर्यंत आली. एकही गाडगं वाटेत निवलं नाही आणि रांजणावर पडणाऱ्या गारा वरच्या वरच विरघळल्या, असं म्हणतात.

पिल्लं निघायचे दिवस जवळ आले तेव्हा गारठा आणखी वाढला. गावातले जाणते गोंदाजी म्हणाले, "पोरी, आता निखारे घाल. गारठतील ती."

अंसानं अंडं पापणीला लावलं आणि चटका बसून दचकली. "पाणी काढा. सगळी गाडगी काढा!"

"अगं, एवढं जपलं आणि आता उघडं टाकतेस?"

"मामा, आता आत त्यांची सवताची ऊब झालीया. त्यात आपली घातली तर मरतील."

कुणाला पटलं नाही. दुरपदा मात्र पुढं झाली आणि स्वतःच्या हातानं एकेक गाडगं बाहेर काढू लागली. फडकं अर्धं उघडलं. दोघी रांजणाला टेकून बसल्या. सगळं गाव अंगणात उभं होतं. अंसा पुन्हा पुन्हा रांजणाला कान लावत होती. चुकलो असू तर, हेच तिच्या मनात होतं.

ऊन कलायला लागलं आणि आतून टकटक ऐकू आली. मग बारीक चिवचिव.

दुरपदानं कितीतरी दिवसांनी पाठ सैल सोडली, भिंतीला टेकली आणि हसता हसता रडली. गोंदाजींनी पागोटं काढून तोंड पुसलं. अंसा तिथंच झोपली ती दुसऱ्या दिवशी उठली, आणि पिल्लं तिच्या केसांत शिरून निजली होती, असं म्हणतात.

दुरपदा भावाकडे गेली नाही. त्या पिल्लांच्या पिल्लांनी साऱ्या वाड्यांवरची खुराडी पुन्हा भरली.

बोरघळीत अजूनही नवं बिऱ्हाड आलं, की शेजारी त्यांच्या ओसरीवर पिल्लांची टोपली ठेवतात. त्याला अंसाचं देणं म्हणतात आणि ते फेडायचं नसतं. मागच्या थंडीत शाळेवर नव्या बाई आल्या, एकट्याच. त्यांच्या दारातही टोपली गेली.

"पण मला कोंबड्यांतलं काही कळत नाही हो," बाई म्हणाल्या.

"कळंल की," शेजारीण म्हणाली, आणि पदर खोचून तिथंच ओसरीवर बसली.